रहीम मास्तरांचा डावा पाय

२०२४ च्या एप्रिलमध्ये ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला. मी तो मुलीबरोबर पाहिला. मध्यंतरात तिनं विचारलं, ‘अब्बू, हा माणूस खरंच होऊन गेला का?’ पडद्यावर अजय देवगण सिगारेट ओढत मैदानाच्या कडेला उभा होता. मी म्हटलं, ‘होऊन गेला. तुझ्या दादांनी त्यांना अगदी जवळून पाहिलंय.’ तिला ते खरं वाटेना. पडद्यावरच्या माणसाला आपल्या घरातल्या कुणी पाहिलेलं असेल, हे तिच्या पिढीला पटत नाही.

माझे वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत मास्तर होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे शिकायला जायचं तर हैदराबादलाच. १९५३ च्या सुमारास अब्बा तिथे राहिले. त्यांना खेळात गती नव्हती, पण हैदराबादच्या हवेतच तेव्हा फुटबॉल होता. संध्याकाळी बिर्याणीपेक्षा पोलीस टीमची चर्चा जास्त, असं ते सांगत. आणि त्या चर्चेत एक नाव हमखास यायचं, ‘रहीमसाब’.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघातून फुटबॉल खेळले, बी. ए. झाले आणि शाळेत शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांतून त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. भारतीय फुटबॉल संघाचा सर्वांत यशस्वी प्रशिक्षक हा मुळात एक शाळामास्तर होता. त्यांच्या कारकिर्दीकडे मी याच बाजूनं पाहतो. त्यांनी जे केलं ते सारं मास्तरकीच होती. फक्त वर्ग मोठा होत गेला.

अब्बांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका संध्याकाळी मैदानावर पोरांचा सामना चालला होता. पोरं विचित्रच खेळत होती. चेंडू समोर आला की अडखळायची, पाय बदलायची, पडायची. अब्बांनी शेजारच्याला विचारलं तेव्हा कळलं, हा डाव्या पायाचा सामना आहे. ज्याचा उजवा पाय चांगला त्यानं फक्त डाव्यानं खेळायचं. चांगल्या पायानं कितीही सुंदर गोल मारला तरी तो धरायचा नाही. ही कल्पना रहीमसाहेबांची. अशीच आणखी एक स्पर्धा ते घेत. त्यात चेंडू पायात घोळवत पळायला बंदी. आला की द्यायचा.

त्या काळी आपल्याकडे चेंडू पायात खेळवणारा खेळाडू म्हणजे मोठा खेळाडू. चार जणांना चकवलं की टाळ्या पडायच्या, मग पाचव्यानं चेंडू काढून घेतला तरी चालायचं. रहीमसाहेबांनी हा शौक मोडून काढला. चेंडू माणसापेक्षा वेगानं पळतो, तेव्हा चेंडूला पळवा, ही त्यांची शिकवण. आज हे फुटबॉलच्या पहिलीच्या पुस्तकातलं वाटेल. त्या काळच्या हैदराबादेत ते नवं होतं.

१९४३ च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. आता इथे मुंबईकरांनी कान द्यावा. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासूनची, देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी. कूपरेजच्या मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप एकाच संघानं नेला. तो संघ म्हणजे रहीमसाहेबांचे हैदराबाद पोलीस. कलकत्त्याचे बडे बडे संघ असताना पाच वर्षं कप दख्खनला गेला. ड्युरँड कपही हैदराबाद पोलिसांनी आणि पुढे आंध्र पोलीस झालेल्या त्याच संघानं अनेकदा जिंकला. १९५६ आणि १९५७ मध्ये हैदराबादनं संतोष ट्रॉफीही मिळवली.

अब्बा म्हणायचे, त्या पाच वर्षांत हैदराबादच्या माणसाला मान वर करायला एवढीच एक जागा होती. हे वाक्य मला लहानपणी कळलं नव्हतं. पोलीस ॲक्शन झाली १९४८ च्या सप्टेंबरमध्ये. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात सामील झालं. त्या दिवसांत गावोगाव काय काय झालं, आधी रझाकारांनी काय केलं आणि नंतर काय घडलं, हे मराठवाड्यातल्या दोन्हीकडच्या घरांना माहीत आहे. हैदराबादी मुसलमानाकडे तेव्हा संशयानं पाहिलं जाई. आणि या सगळ्याला पुरती अडीच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा भारताचा फुटबॉल संघ एका हैदराबादी मुसलमान मास्तराच्या हाती दिला गेला. मला दोघांचंही कौतुक वाटतं, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. शैलेन मन्ना कप्तान. आपण इंडोनेशियाला ३-० नं हरवलं, अफगाणिस्तानला ३-० नं. अंतिम सामन्यात समोर इराण. मेवालालनं एकमेव गोल केला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं. पंतप्रधान नेहरू सामन्याला हजर होते. देशाला प्रजासत्ताक होऊन एक वर्ष झालं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर रहीमसाहेब एका विजयाचे मानकरी म्हणून लक्षात राहिले असते. मास्तर कसा आहे ते मात्र मुलं नापास झाल्यावर कळतं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिक आलं. १५ जुलै १९५२ रोजी आपली गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. आपले काही खेळाडू अनवाणी खेळत होते. कोरड्या मैदानावर ही आपली मिजास होती. उत्तर युरोपातल्या त्या थंड मैदानावर तिचा निभाव लागला नाही. निकाल लागला १०-१. आपला एक गोल अहमद खानचा, तोही अगदी शेवटी. पहिल्याच सामन्यात स्पर्धेबाहेर. युगोस्लाव्हियानं पुढे रौप्यपदक मिळवलं, पण दहा गोल ते दहाच.

या पराभवानंतर बूट घालणं सक्तीचं झालं. अनवाणी खेळण्यात एक अभिमान होता. इंग्रजांना आपण अनवाणी हरवलं ही आठवण त्यात होती. हा अभिमान उतरवून ठेवणं सोपं नव्हतं. मला वाटतं, बूट हा भारतीय फुटबॉलचा डावा पाय होता. ज्यात अवघडल्यासारखं होतं, नेमकं तेच शिकायला हवं होतं. रहीमसाहेबांनी खेळाची मांडणीही बदलली. दोन बचावपटूंवर भरवसा ठेवायची जुनी पद्धत सोडली, बचाव भक्कम केला, एका फॉरवर्डला थोडं मागे ओढून त्याच्याकडून पुढच्यांना चेंडू पुरवला. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलनं जी मांडणी जगभर गाजवली, तिच्याशी मिळतीजुळती मांडणी आपला संघ दोन वर्षं आधी खेळत होता, असं फुटबॉलचे जाणकार सांगतात.

ते दोन वर्षं आधीचं ठिकाण म्हणजे १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. हंगेरीनं माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला उपउपांत्य सामना थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी. त्या दिवशी आपल्या एका मुंबईकर गोवेकरानं इतिहास घडवला. नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा. त्यानं तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टूचा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आशियाई देश म्हणजे भारत.

उपांत्य सामन्यात पुन्हा समोर युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल घातले तेच. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. मध्यंतरानंतर नेव्हिलनं गोल केला आणि काही मिनिटं भारत चक्क आघाडीवर होता! मग त्यांनी चार गोल केले आणि आपण हरलो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियानंही ३-० नं हरवलं. पदक हुकलं. कागदावर हे दोन पराभवच. पण १०-१ आणि ४-१ यांच्यामध्ये चार वर्षांची जी शाळा झाली, ती ज्याला दिसत नाही त्याला शिक्षण म्हणजे काय ते कळलं नाही, असं मी म्हणेन. नेव्हिल त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत होता. १९८० मध्ये तो अवघ्या सत्तेचाळीस वर्षांचा असताना गेला. मुंबईतल्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक आहे?

१९६० मध्ये रोम. आपला गट कठीण होता. हंगेरीशी आपण १-२ असे निसटते हरलो. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली. आपला गोल कप्तान पी. के. बॅनर्जींचा. पेरूकडून १-३ हरलो. २०२४ च्या पॅरिसपर्यंत पाहिलं तर भारतीय फुटबॉल संघ खेळला असं ते शेवटचं ऑलिम्पिक. या रोमच्या संघात आणखी एक खेळाडू होता, सय्यद शाहिद हकीम. रहीमसाहेबांचा मुलगा. त्याला तिथे एकाही सामन्यात मैदानात उतरता आलं नाही. दोन वर्षांनी जकार्ताच्या संघात तर त्याचं नावही नव्हतं. आपल्याकडे बापाच्या हाती यादी असली की मुलाचं नाव कुठे असतं, हे मी सांगायला नको. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये ते गेले. वडिलांविषयी ते अभिमानानं बोलत.

आता जकार्ता. १९६२ चा ऑगस्ट-सप्टेंबर. रहीमसाहेबांना तोवर कर्करोगानं गाठलं होतं. संघाची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं २-० नं हरवलं. मग थायलंडवर ४-१ असा विजय. पण त्या सामन्यात आपला मुख्य बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला मार लागून जखमी झाला. टाके पडले. जपानला आपण २-० नं हरवलं आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम समोर आला. जर्नेलला बाहेर बसवावं, तर एवढा दणकट गडी वाया जातो. बचावात ठेवावा, तर एखादी चूक महागात पडणार. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं! बांधलेल्या डोक्याचा बचावपटू आघाडीला. पुन्हा तोच धडा, सवयीचा पाय बाजूला ठेवायचा. जर्नेलनं उपांत्य सामन्यात गोल केला, कप्तान चुनी गोस्वामींनी दोन केले, आणि आपण ३-२ नं जिंकलो.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. मैदानाबाहेर वातावरण पेटलेलं होतं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. त्यावर आक्षेप घेणारे क्रीडा पदाधिकारी सोंधी हे भारतीय होते. त्यामुळे जकार्तात भारताविरुद्ध संताप होता. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला होता. स्टेडियमवर सुमारे एक लाख माणसं होती आणि जवळजवळ सगळी आपल्या विरोधात. आपलं राष्ट्रगीत हुल्लडीत बुडालं. आदल्या रात्री खेळाडूंना झोप येईना. तेव्हा रहीमसाहेबांनी त्यांच्याकडे एक तोहफा मागितला. उद्याचं सुवर्णपदक. त्या संघातल्या खेळाडूंनी ही आठवण पुढे सांगितली. मास्तरानं मुलांकडे काही मागावं ही वेळ क्वचित येते. एरवी तो देणारा असतो.

त्या अकरा जणांची नावं एकदा ओळीनं म्हणून पाहा. थंगराज, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, अरुण घोष, प्रशांत सिन्हा, फ्रँको, पी. के. बॅनर्जी, युसूफ खान, जर्नेल सिंग, चुनी गोस्वामी, बलराम. यात चंद्रशेखर केरळचा, पण मुंबईच्या कॅलटेक्सचा खेळाडू. फॉर्च्युनातो फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. त्याचा गोवा मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. जर्नेलचा जन्म लायलपूरचा; फाळणीत तो पोरवयात सगळं मागे टाकून इकडे आलेला. गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. आणि या सगळ्यांचा मास्तर हैदराबादचा.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलनं दुसरा. त्यानंतर सत्तर मिनिटं हे अकरा जण ती आघाडी धरून होते. शेवटी शेवटी कोरियानं एक गोल फेडला, पण तेवढाच. भारत २, दक्षिण कोरिया १.

त्या एक लाखांच्या गर्दीत भारतासाठी ओरडणारा एक लहानसा घोळका होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा. त्याच स्पर्धेत त्यांनी हॉकीत भारताला हरवून सुवर्ण जिंकलं होतं, आणि फुटबॉलला ते आपल्या बाजूनं बसले होते. लायलपूरहून जीव वाचवून आलेल्या जर्नेलच्या गोलला ही माणसं टाळ्या वाजवत होती. मी कवी आहे, पण यात मला एक शब्दही घालावासा वाटत नाही. घडलं तेच पुरेसं आहे.

जकार्ताहून परतल्यावर आजार बळावला. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. वय अवघं त्रेपन्न. आशियाई स्पर्धांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला १९६२ नंतर पुन्हा मिळालेलं नाही. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. रहीमसाहेबांना जाऊन तोवर बावीस वर्षं झाली होती. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले आणि आयुष्यभर गुरू म्हणून रहीमसाहेबांचं नाव घेत राहिले. पण पी. के. आणि चुनी दोघेही २०२० मध्ये गेले, फ्रँको २०२१ मध्ये, बलराम २०२३ मध्ये. ज्यांनी तो तोहफा दिला त्यांतले बहुतेक आता नाहीत. चित्रपट आला तेव्हा तो पाहायला ही मंडळी नव्हती, याची चुटपुट वाटते.

शेवटी थोडं माझ्याविषयी सांगतो आणि थांबतो. आमच्या घरची बोली दखनी. मी शाळेत मराठीत कच्चा होतो. ‘ळ’ म्हणता येत नसे, वर्गात पोरं हसायची. मी अब्बांना म्हटलं, मला उर्दूतच लिहू द्या, त्यात मला पैकीच्या पैकी मिळतात. अब्बा म्हणाले, ‘इसीलिए नहीं. रहीमसाब क्या करते थे मालूम? जो पाँव कमज़ोर, उसी से खेलना.’ आणि त्यांनी मला रोज एक पान मराठी लिहायची सक्ती केली. उर्दूत लिहिलेलं ते बघतच नसत. चांगल्या पायाचा गोल धरायचा नाही, हा नियम.

वर्षभर मी अडखळलो, पडलो. मग कधीतरी चेंडू नीट बसायला लागला. पुढे मी मराठीत कविता लिहिल्या. लोक विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे? मी काय सांगणार? कोणता पाय डावा होता, तेच आता मला आठवत नाही.

चित्रपट संपल्यावर मुलगी गप्प होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, ‘दादांनी रहीमसाहेबांशी बोलणं केलं होतं का?’ नाही. अब्बा लांब उभे राहून पोरांचं पडणं-उठणं तेवढं पाहत होते. आयुष्यभर पुरेल एवढं त्यांनी त्या एका संध्याकाळी पाहून घेतलं.